बाहुली, पुतळी आणि मधली दोरी

यंदाच्या उन्हाळी बालशिबिराचे पत्रक मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पडले आणि तासाभरात वाद सुरू झाला. पत्रकात एक ओळ होती : ‘कठपुतळी कार्यशाळा, वय 8 ते 14’. एका ज्येष्ठ सभासदांनी लगेच लिहिले, “कठपुतळी हा शब्द मराठी नाही. कळसूत्री बाहुली म्हणा. मंडळच असे लिहू लागले तर मुलांनी मराठी शिकायची कुठून?” पत्रक तयार करणाऱ्या ताईंनी उत्तर दिले, “काका, माझी आजी पुतळीच म्हणायची, आणि ती तर पक्की मराठी होती. शिवाय ‘कळसूत्री’ लिहिलं तर मुलंच काय, त्यांचे आईवडीलही विचारतील, हे काय असतं?”

वाद कार्यशाळेचा राहिला नाही. आपली इंदुरी मराठी शुद्ध की हिंदीच्या दोरीवर नाचणारी, इथपर्यंत तो गेला. पुण्यामुंबईचे पाहुणे आपल्या बोलण्याला हसतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी सोसलेले आहे. त्यामुळे एका शब्दावरून मने दुखावायला वेळ लागत नाही. शेवटी कार्यकारिणीने हे काम आमच्याकडे सोपवले : शब्द नीट तपासा आणि सांगा.

आम्ही भाषातज्ज्ञ नव्हे. आमचा जन्म जमाखर्चात गेला. पण दोन्ही बाजूंच्या नोंदी तपासल्याशिवाय शिल्लक काढायची नाही, एवढी सवय त्या नोकरीने लावली आहे. त्या सवयीने जे हाती आले, ते इथे मांडतो आहोत.

पुतळी म्हणजे मूळचे लेकरू

आधी आरोपीच्या पिंजऱ्यातला शब्द घेऊ. ‘पुतळी’चा उगम संस्कृतातल्या ‘पुत्र’ शब्दापाशी जातो. ‘पुत्रिका’ म्हणजे लहान मुलगी, आणि तोच शब्द बाहुलीसाठीही वापरला जाई. अमरकोशात ‘पांचालिका’ आणि ‘पुत्रिका’ हे दोन शब्द एकत्र दिले आहेत आणि कापड, हस्तिदंत वगैरेंची केलेली ती, असा अर्थ सांगितला आहे. प्राकृतात ‘पुत्र’चा ‘पुत्त’ झाला, त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला आणि ‘पुत्तली’, ‘पुत्तलिका’ हे शब्द आले. हिंदीत त्याची ‘पुतली’ झाली, बंगालीत ‘पुतुल’ आणि मराठीत ‘पुतळी’.

मराठीतला ‘ळ’ पाहा. हिंदीतून परवा उचललेल्या शब्दाला असा ‘ळ’ सहसा येत नाही. हा शब्द आपल्या बोलीत जुना मुरलेला आहे. त्याचे घर तर भरलेले आहे : चौकातला पुतळा, भावाचा मुलगा पुतण्या, त्याची बहीण पुतणी, ही सगळी ‘पुत्र’चीच वंशावळ. चौकातल्या पुतळ्याला आपण हार घालतो आणि मोर्चात कागदाचा पुतळा जाळतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, कारण दोन्ही ठिकाणी माणसाची प्रतिमा आहे. शिवाजी महाराजांच्या राण्यांपैकी एकीचे नाव पुतळाबाई होते. लेकीचे नाव ‘पुतळा’ ठेवताना आईबापांच्या मनात लाडच असणार.

आणखी एक पुतळी आपल्या सराफ्यात आजही ऐकू येते : पुतळ्यांची माळ. सोन्याच्या गोल चकत्या दोऱ्यात ओवलेला हा दागिना आपल्या आज्या-पणज्यांच्या पेटीत असायचा. बँकेत सोनेतारणासाठी अशा माळा आमच्या टेबलावर आल्या, तेव्हा चकतीला पुतळी का म्हणतात हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. उत्तर समुद्रापलीकडे आहे. इटलीतल्या व्हेनिस शहराने 1284 साली सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली आणि ते राज्य 1797 मध्ये संपेपर्यंत ते चालू ठेवले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि पाचशे वर्षे त्यात फारसा फरक नाही. असे नाणे कुठलाही सावकार डोळे मिटून घेईल. व्यापाऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आले. त्याच्या एका बाजूला दोन माणसे आहेत : व्हेनिसचा राज्यप्रमुख आणि त्याच्यासमोर त्यांचे संत मार्क. आपल्या लोकांना ना तो राज्यप्रमुख माहीत, ना तो संत. त्यांना नाण्यावर छोटी माणसे दिसली, म्हणून त्यांनी नाण्याला ‘पुतळी’ म्हटले. शिवकाळच्या खजिन्याची यादी सभासदाच्या बखरीत आहे, तीत होन-मोहरांच्या जोडीला पुतळ्याही आहेत. पुढे सोनारांनी स्वतःचे ठसे केले, नाण्याची माळ झाली आणि नाव तेच राहिले.

म्हणजे पुतळी मराठी नाही, हे म्हणणे टिकत नाही. ‘कठपुतली’ हा जोडशब्द मात्र हिंदी-राजस्थानीच्या वळणाचा आहे. काष्ठाची पुतळी ती कठपुतली. त्याचा मराठी ‘कठपुतळी’ आपण केला, हेही खरे.

बाहुली कुठून आली

आता वादीचा शब्द. ‘बाहुली’ आपण इतक्या सहज म्हणतो की तिचा उगम शोधावा असे वाटतच नाही. ‘बाहू’ म्हणजे हात, हात पसरून उभी असते ती बाहुली, असा अर्थ काहीजण सांगतात. तो पटण्यासारखा वाटतो, पण जुनी नोंद त्याला साथ देत नाही. प्राकृतात या शब्दाचे रूप ‘बाउल्ली’ आहे. त्यात ‘ह’ नाही. ‘बाहू’पासून शब्द आला असता तर प्राकृतात ‘ह’ टिकून राहायला हवा होता. प्राकृत कोशकारांनी ‘बाउल्ली’ला ‘देशी’ शब्दांत धरले आहे. देशी म्हणजे ज्याचे संस्कृत मूळ दाखवता येत नाही आणि जो लोकांच्या तोंडून आला, असा शब्द.

‘ह’ नंतर आला याची खूण आजही सापडते. कोकणीत बाहुलीला ‘बावली’ म्हणतात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘भावला-भावली’ ऐकू येते. पुस्तकी मराठीने ‘बाहुली’ धरली, बोलींनी जुन्या रूपाच्या जवळचा उच्चार जपला. इंदुरात आपल्या आज्या ‘भावली’ म्हणत असतील तर त्या चुकत नव्हत्या, एवढे आता खात्रीने सांगता येते.

या शब्दाचा संसार पाहिला की मराठी घरातले अख्खे बालपण डोळ्यांपुढे येते. भातुकलीत बाहुला-बाहुलीचे लग्न लागते, त्यात वरपक्ष रुसतो, मुंडावळ्या बांधल्या जातात आणि चुरमुऱ्यांची पंगत बसते. लाकडाची रंगीत ठकी असते. नव्या घराच्या दारावर किंवा ट्रकच्या पुढे दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात. गोंडस पोरीला ‘बाहुलीसारखी’ म्हणतात, आणि ज्याला स्वतःचे मत नाही त्याला ‘बायकोच्या हातातले बाहुले’ म्हणतात. हे शेवटचे लक्षात ठेवा, त्याकडे पुढे यायचे आहे.

डोळ्यातली बाहुली

या सगळ्या अर्थांत आम्हाला थांबवणारा अर्थ वेगळाच निघाला. डोळ्याच्या मधोमध जो काळा गोल आहे त्यालाही आपण बाहुली म्हणतो. मोतीबिंदू तपासायला गेलो की इंदूरचे डॉक्टर सांगतात, पुतली फैलाने की दवा डाली है, आधा घंटा आँखें बंद रखिए. घरी आल्यावर आपण म्हणतो, बाहुली मोठी करायचं औषध घातलंय, अजून धूसर दिसतंय. हिंदीने पुतली म्हटले आणि मराठीने बाहुली. शब्दांची मुळे वेगळी, एक ‘पुत्र’पासूनचा, दुसरा देशी. तरी दोन्ही भाषांनी आपापली बाहुली नेऊन डोळ्यात ठेवली.

हे फक्त आपल्याकडे झालेले नाही. संस्कृतात या काळ्या गोलाला ‘कनीनिका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा ‘कन्या’शी संबंध आहे : छोटी मुलगी. ग्रीक भाषेत ‘कोरे’ म्हणजे मुलगी, आणि डोळ्याची बाहुलीही. लॅटिनमध्ये ‘पूपा’ म्हणजे मुलगी किंवा बाहुली. तिचे लहान रूप ‘पुपिल्ला’, त्यावरून इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीला ‘प्युपिल’ म्हणतात. त्याच ‘पूपा’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीचा ‘पपेट’ आला. फारसीत ‘मर्दुमक’, म्हणजे छोटा माणूस.

इतक्या भाषांना एकच गोष्ट का सुचली? उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत अगदी जवळून पाहा. त्या काळ्या गोलात एक लहानसे माणूस दिसते. ते आपणच असतो. आई मांडीवरच्या बाळाच्या डोळ्यांत पाहते तेव्हा तिला तिथे बोटाच्या पेराहून लहान बाई दिसते. भाषा कुठलीही असो, पाहणाऱ्याला जे दिसले त्याचेच नाव पडले.

म्हणून ‘बाहुली’ आणि ‘पुतळी’ या दोन्ही शब्दांचा गाभा एकच आहे : माणसाची लहान प्रतिमा. त्यात लाड आहे, लेकरू आहे, आपलेच रूप आहे. दोरी मात्र त्यात कुठेही नाही.

मग दोरी कुठून आली

दोरी वेगळी जोडावी लागते, आणि मराठीने ती ‘कळसूत्री’ या शब्दाने जोडली. कळ म्हणजे यंत्राची खुबी, युक्तीने चालणारा भाग. दिव्याची कळ दाबतो ती हीच, हिंदीतल्या ‘कल-कारखान्या’तला ‘कल’ही हाच. दोन्हींचे मूळ ‘कला’. सूत्र म्हणजे दोरा. कळ आणि सूत्र यांवर चालणारी बाहुली ती कळसूत्री बाहुली. पत्रकाच्या वादात ज्या शब्दाला अवघड म्हटले गेले, तो असा उघड्या अर्थाचा आहे. एका वाक्यात मुलाला समजावता येतो.

याहून जुना मराठी शब्दही आहे. शके 1212 म्हणजे 1290 साली पुऱ्या झालेल्या ज्ञानेश्वरीत दोरीवरच्या बाहुल्यांसाठी ‘साइखडे’ हा शब्द येतो. तो आता आपल्या बोलण्यातून गेला. पण सातशे वर्षांपूर्वी हा खेळ मराठी श्रोत्यांच्या रोजच्या ओळखीचा होता, एवढे त्यावरून कळते. ज्याची उपमा द्यायची ते श्रोत्याने पाहिलेले असावे लागते.

संस्कृत ग्रंथांत ही उपमा त्याहून पुष्कळ आधीपासून आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिरापाशी आपले दुःख मांडते. लाकडाच्या बाहुलीचे हातपाय जसे कुणीतरी हलवतो तसा विधाता माणसांना हलवतो, असे ती म्हणते. युधिष्ठिराला ते आवडत नाही, तो तिला नास्तिकासारखे बोलू नकोस म्हणून समजावतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व प्राण्यांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो, असा श्लोक आहे, आणि शंकराचार्यांनी तो समजावताना लाकडाच्या माणसांचाच दाखला दिला. ‘हातातले बाहुले’ म्हणून आपण टोमणा मारतो, त्याचा उगम असा द्रौपदीच्या तक्रारीइतका जुना आहे.

दोरी धरणारा तो सूत्रधार. संस्कृत नाटकात रंगमंचावर पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला सूत्रधार म्हणतात. हे नाव बाहुल्यांच्या खेळातून आले असावे, असे जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी 1900 साली मांडले. बाहुल्यांच्या खेळाचे माहेरच हिंदुस्थान आहे, असे त्यांचे म्हणणे. सगळ्या विद्वानांनी ते मानले नाही, कारण ‘सूत्र’ म्हणजे मापाचा दोराही असतो आणि तो धरून घर आखणारा कारागीरही सूत्रधारच. आपला ‘सुतार’ त्याच शब्दातून आला. बाहुली कोरतो तो सुतार आणि नाचवतो तो सूत्रधार, दोघे एकाच नावाचे.

धार आणि उज्जैन

इथे आपल्या दाराशी असलेली गोष्ट सांगायला हवी. अकराव्या शतकात धारच्या भोज राजाच्या नावावर वास्तुशास्त्राचा एक मोठा ग्रंथ आहे, ‘समरांगणसूत्रधार’. नावातच सूत्रधार. त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. दिव्यात तेल घालणारी बाहुली, तालावर फिरणारी बाहुली, दारावर पहारा करणारा लाकडी माणूस, अशी वर्णने तिथे आहेत. हा ग्रंथ पहिल्यांदा छापला तो बडोद्याने, गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत, 1924-25 साली. धारच्या राजाचा ग्रंथ छापून निघाला तो असा एका मराठी संस्थानामुळे. इंदुराहून धारला जायला दीड तास पुरतो. कितीदा गेलो असू, पण बोलक्या-चालत्या बाहुल्यांचे शास्त्र त्या गावच्या नावावर आहे, हे आम्हाला या चौकशीपर्यंत ठाऊक नव्हते.

दुसऱ्या बाजूला उज्जैन. सिंहासनबत्तिशीची कथा सर्वांना माहीत आहे. इंद्राने विक्रमादित्याला दिलेल्या सिंहासनाला बत्तीस पुतळ्या होत्या. विक्रमानंतर ते जमिनीत पुरले गेले. पुढे भोजाला ते सापडले. तो बसायला गेला की दर वेळी एक पुतळी बोलू लागे, विक्रमाच्या औदार्याची एक गोष्ट सांगे आणि विचारी, एवढे औदार्य तुझ्यात आहे का? मराठी गद्यात जी पुस्तके सर्वांत आधी छापली गेली त्यांत या गोष्टी आहेत. 1814 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मराठी सिंहासनबत्तिशी निघाली.

या पुतळ्या नीट पाहा. त्या लाकडाच्या नाहीत, दोरीच्याही नाहीत. त्या कुणाच्या हातातल्या बाहुल्या नाहीत. उलट राजालाच त्या पायरीवर थांबवतात आणि जाब विचारतात. माळव्याच्या सर्वांत प्रसिद्ध पुतळ्या या अशा आहेत.

हा विक्रम मेला कसा? संस्कृत कथेप्रमाणे पैठणच्या शालिवाहनाशी लढताना. आणि शालिवाहनाची गोष्ट आपल्याला गुढीपाडव्याला सांगितली जाते : कुंभाराच्या घरी वाढलेल्या या पोराने मातीची माणसे, मातीचे हत्ती-घोडे केले, त्यांच्यात प्राण आणला आणि ती फौज घेऊन तो लढला. म्हणजे इकडे उज्जैनच्या पुतळ्या, तिकडे पैठणची मातीची बाहुली. हा इतिहास नव्हे, कथा आहे. पण आपण इंदूरकर त्या कथेच्या दोन्ही बाजूंना राहतो. आपल्या पंचांगात शालिवाहन शकही असतो आणि विक्रम संवतही. दोघांत 135 वर्षांचे अंतर, आणि माळव्यात चैत्र शुद्ध प्रतिपदेला दोन्ही वर्षे एकदमच पालटतात. त्या सकाळी आपण गुढी उभारतो आणि शेजारी नवसंवत्सराच्या शुभेच्छा देतात. एक साल खरे आणि दुसरे हिंदी, असे कधी कुणी म्हटलेले नाही.

खेळ आज कुठे आहे

शब्दांबरोबर खेळाचीही विचारपूस करावी लागली. इंदुरात जत्रेत किंवा लग्नाच्या मंडपात जी कठपुतली दिसते ती बहुतेक राजस्थानी भाटांची. लाकडी डोके, कापडाचे अंग, खाली लांब घागरा आणि पाय नाहीत. दोऱ्या मोजक्याच, पण कसबी बोटांत त्या पुऱ्या पडतात. खेळवणारा तोंडात ‘बोली’ नावाची पिपाणी धरून किंचाळल्यासारखा आवाज काढतो. नागौरच्या अमरसिंह राठोडाची कथा हा त्यांचा ठरलेला खेळ. आपले पूर्वज विक्रमादित्यापुढे सिंहासनबत्तिशी खेळत, असे हे भाट सांगतात. म्हणजे त्यांच्या मते ही कला इथूनच तिकडे गेली.

मराठी मुलखात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ टिकला तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजात. रामायण-महाभारताच्या कथा ते लाकडी बाहुल्यांनी, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी आणि चित्रकथीच्या चित्रांनी सांगतात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. संस्थान गेले, चित्रपट आला, आणि बाहुल्या पेटीत पडून राहायची वेळ आली. परशुराम गंगावणे यांनी त्या पेट्या उघड्या ठेवल्या, गावातच छोटे संग्रहालय केले. त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

शहरी मराठी माणसाला बाहुली म्हटले की अर्धवटराव आठवतो. यशवंत केशव पाध्ये यांनी तो घडवला, रामदास पाध्ये यांनी त्याला दूरदर्शनवर घरोघर नेले. त्यांच्या कलेला मराठीत सुरेख नाव आहे, शब्दभ्रम. बोलक्या बाहुलीची कल्पना मात्र जुनीच. दहाव्या शतकाच्या सुमाराला राजशेखराने ‘बालरामायण’ नाटकात सीतेची यांत्रिक बाहुली आणली आहे. तिच्या तोंडात बोलका पक्षी ठेवलेला असतो आणि रावण फसतो.

शिल्लक

आता हिशेब मिटवू. ‘पुतळी’ मराठीच आहे, जुनी आणि घरंदाज. ताईंची आजी बरोबर होती. ‘कठपुतळी’ हा जोडशब्द शेजारून आला आहे, पण त्याचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत. तो वापरल्याने मराठी बाटत नाही.

पण काकांच्या म्हणण्यातही एक खरी काळजी आहे, आणि ती शुद्धतेपेक्षा मोठी आहे. ‘पुतळी’ला हिंदीचा आधार आहे, ती इंदुरात मरणार नाही. ‘बाहुली’ला इथे आपल्या घराखेरीज दुसरे घर नाही. बाजारात ती ‘गुड़िया’ आहे, शाळेत ‘डॉल’, दवाखान्यात ‘पुतली’. आपण घरात म्हणायचे थांबलो की ती संपली. आणि ती जाताना एकटी जाणार नाही. तिच्याबरोबर भातुकलीतले लग्न जाईल, दारावरची काळी बाहुली नुसता ‘नज़रबट्टू’ होऊन राहील, आणि बाळाच्या डोळ्यात दिसणाऱ्या त्या छोट्या माणसाला आपल्या भाषेत नाव उरणार नाही. उसना शब्द घेतल्याने कुणी गरीब होत नाही. घरचा शब्द वापरात न ठेवता पडून दिला तर होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार नसलेले खाते काही वर्षांनी निष्क्रिय होते, मग आत शिल्लक कितीही असो.

आमची इंदुरी मराठी हिंदीच्या हातातले बाहुले आहे का, या प्रश्नाचे उत्तरही शब्दांतच मिळाले. बाहुलीत मुळात दोरी नसते, ती नंतर कुणीतरी बांधतो. आपण दोन्ही शब्द जाणून वापरत असू तर दोरी आपल्याच बोटांत आहे. एकच शब्द उरला आणि दुसरा आठवेनासा झाला, तर ती दुसऱ्याच्या हातात गेली असे समजावे.

कार्यकारिणीने आमचे टिपण वाचले. नवे पत्रक निघाले आहे. त्यावर आता लिहिले आहे : ‘कळसूत्री बाहुल्या (कठपुतळी) कार्यशाळा’. काकांनी खाली अंगठा दाखवला, ताईंनी हात जोडले. काका शिबिराच्या पहिल्या दिवशी बाहुला-बाहुलीच्या लग्नाची हकीकत सांगणार आहेत, आणि ताईंनी आजीची पुतळ्यांची माळ मुलांना दाखवायला आणायचे कबूल केले आहे.

मुलांना घेऊन येणाऱ्यांना एकच विनंती. त्या दिवशी घरून निघण्यापूर्वी आपल्या लेकराला किंवा नातवाला जवळ बसवा, उजेडाकडे तोंड करा आणि त्याच्या डोळ्यांत पाहायला लावा स्वतःला आणि त्याला तुमच्या. मग विचारा, आत कोण दिसतंय? उत्तर काहीही येऊ दे. शब्द तेवढा तुम्ही सांगा.